साक्षी विकराचा कौल

८ जानेवारी

ज्याच्या कृपेवाचून पापणीसुद्धा लवत नाही, जो सर्वांच्या दृष्टीमागे राहून पाहतो आणि स्वतः कुणाच्याही दृष्टीस पडत नाही, त्या सर्वसाक्षी परमेश्वराला प्रथम वंदन. त्याने ही लेखणी सत्यापासून ढळू देऊ नये. आणि तिच्यात जो अग्नी आहे, तो काम होण्याआधी विझूही देऊ नये.

चि. भिंगरीस मामांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या कानांनी संन्यास घेतल्यापासून फोन मला निरुपयोगी झाला आहे. परवा तू जे सांगितलेस ते तुझ्या मामीने ओरडून मला ऐकवले. त्यातले निम्मे शेजाऱ्यांना कळले, मला काहीच नाही. म्हणून हे पत्र. कागदाला मोठ्याने बोलावे लागत नाही.

त्या ओरडण्यातून दोनच गोष्टी माझ्यापर्यंत पोहोचल्या. 'आईचा तुकडा' आणि 'सापडला'. काय सापडले, हे मला सविस्तर कळव. मी आयुष्यभर पाठशाळेत शास्त्रार्थ शिकवला. तुझे शास्त्रही मला समजावून सांगितलेस तर समजेल. समजेपर्यंत विचारीन.

तू त्या वैद्यराजाच्या प्रयोगशाळेत नोकरी धरलीस, तेव्हा मी तुझ्याशी बोलणे टाकले होते. ज्याच्या हाती आई गेली, त्याच्याच हाताखाली राबणार का, असे मी विचारले होते. तू म्हणालीस, "मामा, वारुळाबाहेर बसून सापाचं बीळ कळत नाही." त्या एका वाक्यावर मी तुला क्षमा केली. त्याला केलेली नाही.

शस्त्रक्रियागृहाबाहेरचा तो व्हरांडा मला अजून दिसतो. लोखंडी बाके, फिनेलचा वास, खिडकीतून येणारे कडक ऊन. दार उघडून तो बाहेर आला; अंगात हिरवा झगा, हातात स्टीलचा ट्रे. ट्रेमध्ये माझ्या धाकट्या बहिणीच्या यकृतातून काढलेली गाठ. "हे पाहा, मोठी गाठ समूळ काढली," असे म्हणून त्याने ती चिमट्याने उलटून दाखवली. कड कुठे, रक्तवाहिनी कुठे, सारे सावकाश समजावले. मी शंका विचारल्या, त्याने निरसन केले. मग, भिंगरी, त्या ट्रेपुढे मी हात जोडले.

पुढचे तुला माहीत आहे. यकृताच्या दुसऱ्या बाजूला एक बारीक गाठ उरली होती. तिच्यासाठी नवे औषध मिळेल, अशी आशा होती. त्याने एक आकडा दाखवला आणि म्हणाला, "यांच्या गाठीतलं एन्झाइम निजलेलं आहे. औषधाचा उपयोग नाही." पुन्हा तपासा म्हणून तू विनवलेस. तो म्हणाला, "आकडा म्हणजे आकडा." पुढचा उन्हाळा धाकटीने पाहिला नाही.

तेव्हापासून माझ्या सायंप्रार्थनेत एक ओळ वाढली आहे. 'त्याचेही असेच होवो.' ती मी एकदाही चुकवलेली नाही.

तुझा मामा

ता. क. मी मामी. यांनी तुला घाबरवलं असेल तर मनावर घेऊ नकोस. पत्र लिहायला बसले की ताट निवतं नि यांचं डोकं तापतं. जेवतेस ना वेळेवर?

२३ जानेवारी

ती. मामांच्या चरणी भिंगरीचा साष्टांग नमस्कार.

मामीला सांगा, जेवते. उभ्यानं का होईना.

तुम्ही समजेपर्यंत विचारणार म्हणालात, म्हणून पहिल्यापासून सांगते. आमचं एन्झाइम म्हणजे तुमच्या शुद्ध भाषेतलं विकर. यकृतातल्या एका पेशीच्या दोन व्हायच्या म्हणजे नवं घर बांधायचं. त्याला सामान लागतं. हे सामान घडवणारा कारागीर म्हणजे विकर. स्वतः झिजत नाही, दुसऱ्याला घडवत राहतो. निरोगी यकृतात त्याच्यावर मुकादम असतो. कर म्हटलं की करतो, थांब म्हटलं की थांबतो. कर्करोगाच्या पेशींत मुकादम पळालेला असतो. कारागीर विटा पाडत सुटतो, नि पेशी घरावर घर चढवत जातात.

मोठ्या डॉक्टरांचं, म्हणजे तुमच्या त्या वैद्यराजाचं, नवं औषध म्हणजे त्या कारागिराच्या हातांतली बेडी. पण काही गाठी दुसऱ्याच वाटेनं वाढतात, तिथे हा कारागीर बसून असतो. त्याला बेडी घालून काय मिळणार? म्हणून आधी मोजायचं. गाठीत विकर किती आहे हे नव्हे, ते काम किती करतं हे. गाठीचा तुकडा बर्फावर ठेवून वाटायचा, त्या रसात विकराचं खाद्य सोडायचं. पाण्यासारखा द्रव पिवळा होऊ लागतो. जितका गडद पिवळा, तितकं काम जोरात. यंत्र त्याचा आकडा देतं.

आता गोम ऐका. अंगाबाहेर पडलेला तुकडा तत्काळ बर्फात गेला नाही, तर विकर उबेत मरतं. मग आकडा खाली येतो. कारागीर निजला होता की वाटेत मेला, हे तो आकडा सांगत नाही. दोन्हींचा आकडा सारखाच.

यावर मी एक युक्ती काढली. यकृतात आणखी एक विकर असतं, फार नाजूक प्रकृतीचं. गाठ कुठल्याही वाटेनं वाढलेली असो, हे तिथे थोडंफार असतंच. आणि उबेत सगळ्यांच्या आधी मान टाकतं. तेही सोबत मोजायचं. मी त्याला साक्षी म्हणते. साक्षी जिवंत, तर पहिला आकडा खरा. साक्षी मेलेला, तर नमुना खराब आणि आकडा कवडीमोल.

आमच्या शीतपेटीत जुन्या नमुन्यांचे उरलेले तुकडे असतात. एकदा खोल गोठले की बिघडायचं थांबतं. ज्या स्थितीत आले त्या स्थितीत राहतात. तिथे आईचा तुकडा सापडला. मी साक्षी मोजला.

मेलेला होता, मामा.

आईचं विकर निजलेलं होतं की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते व्हरांड्यात मेलं. ट्रे आपल्यापुढे धरला होता, तेव्हा. तुम्ही शंका विचारत होता नि मी रडत रडत आभार मानत होते, तेव्हा. औषधानं आई वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं होईल. पण एक दार होतं, आणि ते न पाहताच बंद केलं गेलं.

साक्षीची पद्धत मी मोठ्या डॉक्टरांपुढे मांडली. नमुना कुणाचा ते बोलले नाही. ते हसले. "फाजील चोखंदळपणा. अहवालात एकच आकडा जाईल. दोन आकडे दिले की नातेवाईक वकील होतात." त्याच दिवशी तसा नियमही निघाला.

कधी बोलायचं ते मी ठरवीन.

तुमची,
भिंगरी

४ फेब्रुवारी

न्यायासनावर बसून जो डोळे मिटत नाही, त्याला वंदन.

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले आणि माझी संध्या चुकली. आसनावर बसलो, आचमनाचे पाणी ओंजळीत घेतले, आणि ते ओंजळीतच तापले असे वाटले.

त्याने माझ्या जोडलेल्या हातांना शस्त्र केले. कळते आहे का तुला? मारणारे पुष्कळ असतात. पण ज्याला मारायचे त्याच्या भावालाच पुढे उभे करायचे, त्याच्याकडून कौतुकाच्या शंका काढून घ्यायच्या, आणि त्या शंकांच्या वेळात काम साधायचे! धाकटी आत बेशुद्ध, आणि बाहेर मी त्याच्या विद्वत्तेला मान डोलावतो आहे. हे त्याने योजून केले. असा माणूस हेतूवाचून पाऊल टाकत नाही.

शास्त्र म्हणते, दंड हा राजाचा धर्म आहे. राजा निजला तर तो धर्म अनाथ होतो, आणि मग ज्याच्या अंगात बळ असेल त्याने त्याला घरी आणून पोसावा. आपण त्याला पुष्कळ दिवस पोसले. आता तो मोठा झाला आहे. त्या वैद्यराजाला चव्हाट्यावर उभा कर. त्याची पदवी, त्याचा झगा, त्याचा तो ट्रे, सारे लोकांपुढे मांड. जमणार नसेल तर मला कळव. मी काठी टेकत येईन आणि त्याच व्हरांड्यात उभा राहून ओरडेन. मला स्वतःचे ओरडणे ऐकू येत नाही, त्यामुळे थांबायचे कधी हे मला कळणार नाही. ते बरेच आहे.

तुझा मामा

ता. क. मी मामी. काठी मी लपवून ठेवली आहे. हे शोधतायत नि मला विचारतायत. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही.

२६ मार्च

ती. मामांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. का झाला ते वाचालच.

आधी तुमची एक चूक दुरुस्त करते. त्यांनी योजून काही केलेलं नाही. तसं असतं तर सोपं होतं. हेतूनं मारणारा निदान आपल्याकडे बघतो तरी. मोठे डॉक्टर प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर असाच ट्रे घेऊन बाहेर येतात. लोक हात जोडतात, ते त्यांना आवडतं. बर्फाचा डबा दाराशी तयार असतो, आणि तो त्यांच्या व्याख्यानाची वाट बघतो. शिकाऊ सर्जनही आता तसंच करतात. आई त्यांच्या द्वेषानं गेली नाही, मामा. मिरवण्यानं गेली. हे मला द्वेषापेक्षा जास्त झोंबतं.

आता बातमी. मोठे डॉक्टर आजारी आहेत. पोट दुखतं म्हणून तपासणी झाली. यकृत. पुष्कळ वर्षांपूर्वी एका रुग्णाची सुई हाताला लागून काविळीचा विषाणू अंगात शिरला होता, त्याचं हे फळ. एक मोठी गाठ, पलीकडे एक बारीक. हुबेहूब आईसारखं. तुमची प्रार्थनेतली ओळ मला त्या क्षणी ऐकू आली. आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

मोठी गाठ त्यांच्या पट्टशिष्यानं काढली. बारीक गाठीवर औषध द्यायचं की नाही, हे ठरवायला नमुना माझ्या टेबलावर आला. मी हात धुतले, तुकडा वाटला, खाद्य सोडलं. द्रव पिवळा होईना. बराच वेळ पाहत राहिले. लिंबाच्या सालीइतकासुद्धा नाही. आकडा आईच्या आकड्याच्या शेजारचा.

मग साक्षी मोजला. मेलेला.

मी शस्त्रक्रियागृहातल्या मोठ्या सिस्टरना सहज विचारलं, "काल नमुना यायला वेळ लागला का हो?" त्या म्हणाल्या, "अगं, लागणारच! बाहेर बाईसाहेब, मुलगी, जावई, सगळे उभे होते. शिष्यानं ट्रे नेऊन दाखवला. गुरूची गाठ म्हटल्यावर जरा जास्तच सविस्तर. सर शिकवतात तसं अगदी."

म्हणजे त्यांच्याच शिकवणीनं त्यांचाच नमुना व्हरांड्यात मेला. आणि हे आता जगात मला एकटीला माहीत आहे. अहवालात एकच आकडा जाईल, हा त्यांचा नियम. मी तो आकडा लिहिला, सही केली, की ते औषधाला मुकले. मला खोटं बोलायचं नाही, नमुन्याला बोट लावायचं नाही, कुणाचा नियम मोडायचा नाही. फक्त आज्ञाधारक राहायचं.

मामा, काय करू असं मी विचारत नाहीये. काय करणार आहे ते सांगते. काही नाही. अहवाल सहीसाठी माझ्या टेबलावर आहे. आकडा म्हणजे आकडा.

भिंगरी

ता. क. पट्टशिष्य शस्त्रक्रिया उरकून परगावी गेलेत. दोन सह्या लागतात. ते परत येईपर्यंत अहवाल थांबेल. तेवढ्यात तुमचं पत्र आलं तर बरं. आशीर्वाद म्हणून हवं आहे, परवानगी म्हणून नव्हे.

२ एप्रिल

जो कर्माचे फळ कर्त्याच्याच अंगणात पिकवतो, त्या फलदात्या परमेश्वराला सहस्र वंदने.

चि. भिंगरीस अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना शिकवले की कर्म हे वासरासारखे आहे, हजार गाईंत सोडले तरी आपली आई ओळखते. शिकवताना मी त्यावर विश्वास ठेवीत होतो. आज मी ते पाहिले. त्याचा ट्रे त्याला शोधत त्याच्या दाराशी आला.

तुझ्या मनात शंका राहू नये म्हणून शास्त्रार्थ सांगतो. खोटे बोलणे हे पाप. खरे लपवणे हे पाप, परंतु ज्याने ते सांगायला मनाई केली आहे त्याच्यापासून लपवणे हे पाप नव्हे, ते आज्ञापालन. दुसऱ्या आकड्याला त्याने स्वतःच्या तोंडाने हद्दपार केले. हद्दपार झालेला साक्षीदार राजाच्या फाशीच्या दिवशी दरबारात आला नाही, तर दोष कुणाचा? तू गप्प राहा. मौन हे मुनींचे भूषण आहे. सही कर. सुवाच्य कर. आणि त्याने पुन्हा तपासा म्हणून विनवले, तर काय उत्तर द्यायचे ते तुला पाठ आहे.

काल प्रार्थनेत माझी ती ओळ म्हणायला तोंड उघडले आणि लक्षात आले की आता मागायला काही उरले नाही. धाकटीच्या तसबिरीपुढे बसून तिला सर्व वाचून दाखवले. माझा आवाज चांगलाच चढला असावा. समोरच्या घरातले दिवे लागले.

तुझा तृप्त मामा

ता. क. मी मामी. यांनी पत्र मला वाचून दाखवलं, नि मग पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं, म्हणून लिहिते. मला तुझं विकर-बिकर कळत नाही. एकच विचारायचं होतं. त्या शिष्यानं ट्रे बाहेर आणला, तेव्हा त्या बाईनं हात जोडले असतील का गं?

१९ जून

ती. मामा आणि मामीच्या चरणी साष्टांग नमस्कार.

मामी, जोडले होते. मी सिस्टरना विचारलं. आधी हात जोडले, मग पदराला डोळे पुसले, मग शिष्याच्या पायांना हात लावायला वाकल्या.

तुझा प्रश्न वाचून मी प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसले, ते उठायचंच विसरले. मामा, मामीवर रागावू नका. मीही आधी रागावले.

पण त्यांना सहजासहजी सोडायचं नव्हतंच. म्हणून मी असं केलं. दोन कोरे कागद घेतले. एकावर आईचे दोन आकडे लिहिले, दुसऱ्यावर त्यांचे. नावं मागच्या बाजूला. आणि त्यांच्या खोलीत गेले.

ते उशीला टेकून बसले होते. पार वाळलेत, पण आवाज तोच. बाईसाहेब औषध आणायला खाली गेल्या होत्या.

"काय गं, अहवालाचं काय झालं?"

"शिष्य परत यायचेत. तोवर दोन नमुन्यांबद्दल तुमचं मत हवं होतं."

"बघू." कागद घेतले. "हा दुसरा आकडा कसला? तेच तुझं साक्षीचं खूळ?"

"खूळच. पण तुम्हाला वेळ आहे, नि मला शिकायचं आहे."

हे त्यांना आवडलं. शिकायचं आहे म्हटलेलं त्यांना नेहमीच आवडतं. चष्मा लावून पाहिलं, आणि मामा, माणूस हुशार आहे हे नाकारून चालणार नाही. क्षणात म्हणाले, "दोन्ही नमुने सडलेत. बर्फात पडायच्या आधी कुणीतरी मिरवलेत. यांवरून काहीच ठरवता येणार नाही. कुणी पुढे पाठवले?"

"एकाचा आकडा गेला पुढे. पेशंटला औषध नाकारलं."

"गाढव आहे! त्याला प्रयोगशाळेत पाऊल टाकू देऊ नका. पेशंटचं काय झालं?"

"वारली."

"नातेवाईक झोपले होते? पुन्हा तपासणी नाही मागितली?"

"मागितली होती. आकडा म्हणजे आकडा, असं उत्तर मिळालं."

आपलं वाक्य माणसाला दुसऱ्याच्या तोंडून लगेच ओळखू येत नाही, पण येतं. माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"कोण होती?"

"माझी आई. मागे नाव आहे."

कागद उलटला. वाचलं. बराच वेळ वाचलं. दुसरा कागद मी उलटून दिला.

"बर्फ नव्हता?"

"होता की. दाराशी. ट्रे आधी व्हरांड्यात गेला. तुम्ही शिकवलंत तसा."

खाली कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते दूर गेलं. मग ते म्हणाले, "काय हवंय तुम्हाला?" मामा, मला 'तुम्ही' म्हणाले.

"काही नको. तुमच्या बारीक गाठीतून सुईनं नमुना घ्यायला मी सकाळीच सांगितलं आहे. बर्फाचा डबा मी स्वतः हातात धरून उभी राहीन."

"म्हणजे आधीच ठरवलं होतंत? मग हे कशाला?"

"निवाडा तुमच्या तोंडून हवा होता. माझ्या तोंडचा तुम्ही फाजील म्हणाला असता."

नमुना निघाला, माझ्या हातातून बर्फात पडला. साक्षी ठणठणीत जिवंत. आणि विकर, मामा! खाद्य सोडायचा अवकाश, द्रव हळदीसारखा पिवळा. कारागीर मस्तवाल होऊन विटा पाडत होता. त्यांना औषध सुरू झालं आहे. गाठ वाढायची थांबलीय, इतकंच आज सांगता येईल.

आता व्हरांड्यात ट्रे जात नाही. अहवालात दोन आकडे जातात. तो हुकूम त्यांनी पलंगावरून काढला. माझी क्षमा मागितली नाही. मीही मागण्याची संधी दिली नाही.

आईचा कागद मी त्यांच्या उशाशी ठेवून आले. सिस्टर सांगतात, गोळी घ्यायच्या आधी तो हातात घेतात. त्यांनी परत पाठवला नाही, आणि मी परत मागणार नाही.

तुम्ही रागावला असाल. रागवा. पण लिहा.

भिंगरी

५ जुलै

जो देतो तेव्हा मागितलेले देत नाही, आणि त्यातच ज्याची कृपा असते, त्याला वंदन.

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझे पत्र मी चुरगाळून कोपऱ्यात फेकले. तुझ्या मामीने ते उचलले, उलथण्याने दाबून सपाट केले आणि माझ्या पाटावर ठेवले. म्हणाली, "आता जेवा. रागाला दात नसतात, तुम्हाला थोडे आहेत." मी जेवलो. पुन्हा वाचले. पुन्हा फेकले. दुसऱ्यांदा मीच उचलले.

तू मला फसवलेस, असे मला प्रथम वाटले. घास ओठांशी आणून काढून घेतलास. मी तीन दिवस सायंप्रार्थनेला बसून नुसताच बसलो. जुनी ओळ म्हणवेना आणि नवी सुचेना. तुझ्या मामीचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. हात जोडलेली एक बाई मला दिसे. तिच्या जागी कधी मी दिसे.

मग एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती कुठल्या पोथीत नाही. भिंगरी, मेलेल्याला लाज वाटत नाही. लाजेला श्वास लागतो. तू सही करून त्याला मरू दिले असतेस, तर तो निरपराध मेला असता. नातेवाइकांनी त्याच्या गुणांचे वर्णन केले असते, व्हरांड्यात त्याची तसबीर लागली असती, आणि खाली आणखी ट्रे फिरत राहिले असते. मी मागितलेली शिक्षा फार स्वस्त होती. तू त्याला महाग दिलीस.

आता तो प्रत्येक गोळीबरोबर माझ्या धाकटीचे नाव वाचतो. जे दार त्याने तिच्यापुढे बंद केले, त्यातून तो रोज आत जातो, आणि उंबरठ्यावर ती बसलेली असते. याहून कठोर दंड मला कोणत्याही स्मृतीत सापडला नाही, आणि मी चार दिवस शोधत होतो.

मी त्याला क्षमा केलेली नाही. तसे तुला कुणी सांगितले, तर विश्वास ठेवू नकोस. मी फक्त माझी ओळ बदलली आहे. आता म्हणतो, 'त्याला दीर्घ आयुष्य दे आणि स्वच्छ स्मरण दे; आणि दोन्ही एकाच लांबीची असू दे.' ऐकणाऱ्याला हा आशीर्वाद वाटेल. तुझ्या मामीलाही वाटला. मी तिचा समज दूर केला नाही.

पुढच्या खेपेला येशील तेव्हा तो हळदीसारखा पिवळा रंग मला दाखव. बाटलीत आणता येत नसेल, तर कागदावर रंगवून आण. माझ्या धाकटीच्या शत्रूचे विकर कसे जागे होते आणि तुझ्या हातात कसे खरे बोलले, ते मला डोळ्यांनी पाहायचे आहे.

आणि हे पत्र आज तुझ्या हाती, उद्या आणखी कुणाच्या हाती पडेल, म्हणून त्या सर्वांसाठी मागतो. ज्यांच्या घरचे माणूस बंद दारामागे निजले आहे आणि जे बाकावर बसून दाराकडे पाहत आहेत, त्यांच्या माणसाचा तुकडा वेळेत बर्फात पडो. ज्यांच्या आकड्यावर दुसऱ्याचे आयुष्य ठरते, त्यांना तो आकडा लिहिताना मागच्या बाजूला आपलेच नाव आहे असे वाटो. ज्यांच्या उरात माझ्यासारखा अग्नी आहे, त्यांचा तो कुणाचे घर न जाळता दिव्याच्या कामी येवो. वाचणाऱ्यांचे कल्याण असो. ज्यांना कुणी वाचून दाखवणार आहे, त्यांचेही कल्याण असो.

तुझा मामा

ता. क. मी मामी. काठी परत दिली आहे.